गुडघा चालतो

३ मे

भिंगऱ्या,

फोन न करता पत्र लिहितोय म्हणून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन हॉलमध्ये आणि तुझी आईही हॉलमध्ये. मी "काय रे" म्हणायचा अवकाश, ती मागून "जेवला का विचार", "केस कापले का विचार" सुरू करते. मग तू तिकडून हो-हो म्हणतोस आणि ठेवून देतोस. बहिणीच्या घरात राहायचं म्हणजे हे आलंच, पण मला तुझ्याशी नीट बोलायचंय.

बातमी पोचली बरं का! जूनमध्ये तुझा करार संपतोय आणि दोन-दोन क्लब तुझ्या मागे लागलेत. एकीकडे स्टेशन! ज्यांच्या मॅचला तू लहानपणी माझ्या खांद्यावर बसून यायचास. आणि दुसरीकडे कालवा, खालच्या विभागातला, ज्यांच्या मैदानात अर्धा हंगाम चिखल आणि अर्धा हंगाम बदकं. यात विचारायचं काय? पण इथे आपल्या क्लबात जो तो मला अडवून विचारतो, "बाममामा, भाचा कुठे जाणार?" मीही भाव खाऊन घेतोय थोडा.

एक सांगतो. खेळाडू क्लब का निवडतो हे पेपरवाल्यांना कधी कळत नाही. माझ्या मालिशच्या टेबलावर माणूस पालथा पडला की खरं बोलतो. आपला तो उंच गोलकीपर गेला ना, त्याने पेपरात सांगितलं, मोठं आव्हान हवं होतं. टेबलावर म्हणाला, तिथला गोल सावलीत आहे. मी म्हटलं, अरे, अर्धाच वेळ ना? तर म्हणे, अर्धा तर अर्धा. डाव्या बाजूचा बॅक गेला, कारण तिकडचा कोच कोणावर ओरडत नाही. त्याचा बाप फार ओरडायचा म्हणे. एक तर नुसता सासुरवाडीपासून लांब म्हणून गेला. तेव्हा तुझं जे काही कारण असेल ते मला खरं सांग, मी हसणार नाही.

पण जा स्टेशनलाच. आणि गुडघा कसा आहे ते कळव. गेल्या वर्षी तो दुखावल्यावर मी थांब म्हणालो होतो तेवढा थांबलास ना?

मामा


११ मे

मामा,

वाकून नमस्कार. दोन्हीकडे जाऊन आलो.

स्टेशनचं काय सांगू! सगळी काचेची इमारत. दारावर कार्ड लावलं तरच उघडतं. गवत असं की बूट घालून त्यावर जायची लाज वाटावी. एक बाई मला सगळीकडे हिंडवत होत्या आणि माझं पाळण्यातलं नाव घेऊन हाक मारत होत्या. मी दोनदा मागे वळून बघितलं, कोणाला बोलावतायत म्हणून. जेवणाच्या हॉलमध्ये प्रत्येकाच्या ताटात काय वाढायचं ते भिंतीवर लिहिलेलं. मी दुपारीच निघालो, पोट बिघडलं होतं.

कालव्याला कोच स्वतः बसस्टॉपवर आला होता, स्कूटर घेऊन. मला दिलेलं हेल्मेट त्याच्या मुलीचं असावं, कानावर अडकून बसलं. मैदानाला आम्ही स्कूटरवरूनच एक चक्कर मारली. बदकं आहेत, तू म्हणालास ते खरं आहे. कोच म्हणाला, "मधोमध तू, आणि तुझ्याभोवती टीम." आजपर्यंत मला कोणी असं म्हणालेलं नाही, मामा. कायम कडेला, कायम कोणीतरी दमला की उतरायचं. राहायला जी खोली आहे तिच्या खिडकीतून मैदान दिसतं. दहा नंबर रिकामा आहे. आणि पोरं चांगली आहेत, चिडवतात पण जागा करून देतात.

माझं मन कालव्याकडे झुकतंय. आईला एवढ्यात सांगू नकोस.

गुडघा मस्त.

भिंगरी


१६ मे

भिंगऱ्या,

तुझं पत्र वाचून मला काही सुचेना. मी शर्टाची बटणं वरखाली लावून तसाच क्लबात गेलो.

खिडकीतून मैदान दिसतं! अरे, माझ्या मोरीतूनही दिसतं मैदान. दहा नंबरची जर्सी तुला मी शिवून देतो, घरात घालून बस. आणि तो कोच प्रत्येकालाच "मधोमध तू" म्हणत असणार. अकरा जण मधोमध उभे राहिले की कडेला मग बदकंच उरणार. एवढी गोड बोलणारी माणसं मी टेबलावर पालथी पडलेली बघितलीत, तेव्हा मला त्यांचं कौतुक सांगू नकोस.

तुझ्या आईने शेजारपाजारी स्टेशन म्हणून सांगून टाकलंय. इस्त्रीवाल्यालाही. आता तिला काय सांगू, हेल्मेट लहान होतं म्हणून पोराचं मन तिकडे बसलं?

खरं सांग, कोण आहे ती? कालव्याच्या आसपास राहते ना? असेल तर असू दे, मी काही तुझ्या बापासारखा नाही, मला चालेल. पण पोरीसाठी क्लब बदलायचा नसतो. पोरगी बसने दोन तासांत येते.

आणि आणखी एक. पत्र तू चांगलं तीन पानी लिहिलंस. ताटांवर लिहिलंस, हेल्मेटवर लिहिलंस. गुडघ्यावर एकच शब्द. तुझं पोट स्टेशनलाच कसं बिघडलं? लहानपणी दगड खाल्ले असतेस तरी पचले असते. नमस्कार वाकून केलास की उभ्यानेच?

मामा


२४ मे

मामा,

पोरगी असती तर किती बरं झालं असतं.

तू विचारलंस म्हणून सांगतो. आईला कळता कामा नये. हे पत्र वाचून फाडून टाक.

स्टेशनला नवीन येणाऱ्या प्रत्येकाचा स्कॅन करतात. तळघरात मशीन आहे. आम्ही चौघं बाहेर बाकावर बसलो होतो. माझ्या आधीचा आत गेला, माझ्याहून लहान, हसरा. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात त्याची बॅग दिली होती कोणीतरी. त्याने कोणाकडे बघितलं नाही, सरळ बाहेर गेला. मी उठलो आणि त्या बाईंना म्हणालो, पोटात फार दुखतंय. त्या बिचाऱ्या मला गोळी शोधायला गेल्या.

गेल्या वर्षी मी थांबलो नव्हतो. तुला थांबलो म्हणून सांगितलं आणि तीन आठवड्यांत उतरलो, कारण माझ्या जागी आलेला पोरगा गोलावर गोल मारत होता. तेव्हापासून गुडघा आतून अडकतो. दार सुजल्यावर कसं चौकटीत अडकतं, तसा. मग हलवून हलवून सोडवावा लागतो. मॅचनंतर नारळाएवढा होतो. इथे मी मांडी धरलीय म्हणून सांगत आलो. एका बाहेरच्या डॉक्टरला दाखवला. तो म्हणाला, गुडघ्यातली गादी फाटलीय, ऑपरेशन करा आणि वर्षभर खेळ विसरा. अजून दोन हंगाम असेच खेळलात तर म्हातारपणी नव्हे, चाळिशीतच काठी लागेल म्हणाला.

वर्षभर कसं विसरू? जूनला करार संपतो. अठ्ठावीस वर्षांचा, कोणत्याही क्लबात नसलेला, वर्षभर घरी बसलेला माणूस. त्याला कोण बोलावणार? मला दुसरं काही येत नाही मामा. मी वळतो आणि समोरचा चुकतो, एवढंच येतं मला.

कालव्याला मशीन नाही. तिथले डॉक्टर म्हातारे आहेत. दोन उठाबशा काढायला लावतात आणि पाठीवर थाप मारतात. उठाबशा मी काढू शकतो, सकाळी. हेल्मेट, खिडकी, दहा नंबर हे सगळं खरं आहे, पण मी कालव्याला जातोय ते तिथे कोणी आत बघत नाही म्हणून.

एकच अडचण आहे. तिथले डॉक्टर आधीच्या मालिशवाल्याला फोन करून विचारतात. माझे पाय लहानपणापासून तूच बघतोस म्हणून मी तुझं नाव दिलंय. घरचा नंबर दिलाय. फक्त चांगला आहे एवढं म्हण. तुझ्या पाया पडतो.

भिंगरी


३० मे

बाळा,

तुझं पत्र हातात पडलं त्याच दुपारी फोन आला. मला विचार करायला वेळच मिळाला नाही.

तुझी आई समोर मटार सोलत बसली होती. तिकडून डॉक्टर म्हणाले, "तुमचा भाचा आमच्याकडे येतोय. तुम्हीच पाय बघायचात ना त्याचे?" मी म्हटलं, हो. "गेल्या वर्षी उजवा गुडघा दुखावला होता ना, आता कसा आहे?"

तुझी आई मटार सोलायची थांबली. "कोण आहे रे? त्याचं काही आहे का?" असं तोंडाने न बोलता नुसत्या भुवयांनी विचारायला लागली. खरं सांगावं तर ती ऐकणार. चांगला म्हणावं तर जीभ रेटेना, कारण मी या हातांनी तो गुडघा धरलाय. मी म्हटलं, "चालतो."

पुढे म्हणणार होतो, चालतो हो, पण पळायला लावू नका. शप्पथ सांगतो, म्हणणारच होतो. तर ते म्हणाले, "चालतो ना? मग झालं तर!" आणि ठेवून दिला.

आता तूच सांग, चालतो म्हणजे काय? चहात साखर कमी पडली तरी आपण चालतो म्हणतो. आणि पाय मोडलेला माणूस भिंत धरून उभा राहिला, दोन पावलं टाकली, की तेव्हाही चालतो म्हणतो. यातलं मला कुठलं म्हणायचं होतं ते माझं मलाच कळेनासं झालंय. आईने विचारलं, "काय चालतो?" म्हटलं, क्लबातला पंखा. ती म्हणाली, एवढ्यासाठी लांबून फोन?

भिंगऱ्या, सही करू नकोस. ऑपरेशन कर. इथे ये, मी वर्षभर तुझा गुडघा मांडीवर घेऊन बसेन, मला दुसरं काम काय आहे? तुझ्या आईची समजूत मी घालतो. काय घालणार ते अजून ठरलेलं नाही, पण घालतो. तू म्हणशील तर मी उद्या डॉक्टरांना परत फोन करतो आणि नीट सांगतो. तू हो म्हण फक्त.

मामा


६ जून

मामा!

सही झाली! काय बोललास तू! "चालतो!" डॉक्टर आत आले, म्हणाले, मामांशी बोललो, आणि कागदावर शिक्का मारला. उठाबशाही काढायला लावल्या नाहीत. खोटंही नाही आणि खरंही नाही, असा शब्द तुलाच सुचायचा. मी तर ओशाळलो होतो तुला खोटं बोलायला लावतोय म्हणून, तू माझी लाज राखलीस.

तुझं ३० तारखेचं पत्र आज इथे फिरून आलं, सही झाल्यावर. आता परत फोन करू नकोस. हात जोडतो. इतकं सगळं होऊन तू फोन केलास तर मी कुठेच राहणार नाही.

दहा नंबर मिळाला. आईला मी स्वतः सांगितलं फोनवर. ती म्हणाली, बदकं चावत नाहीत ना?

भिंगरी


१२ जून

भिंगऱ्या,

मी शब्द शोधून काढला नव्हता रे. तो तोंडातून पडला.

कालव्याच्या ऑफिसचा नंबर मी मिळवला होता. बाहेरच्या दुकानातून लावला, घरून नको म्हणून. एकदा कोणी उचलला नाही. दुसऱ्यांदा कोणीतरी उचलला आणि "हॅलो, बोला" म्हणाला, आणि मी तसाच उभा. तुझी जागा जाईल आणि गुडघा तसाच राहील, असं डोक्यात आलं. नाही सांगितलं तर जागा राहील आणि गुडघा जाईल. दुकानदार म्हणाला, "काका, बोलायचं नसेल तर बाजूला व्हा, रांग आहे." मी बाजूला झालो.

निदान रात्री बर्फ लाव. पायाखाली उशी घे. आणि उजव्या पायावर वळू नकोस, डाव्यावर वळायची सवय कर. होते सवय. 

मामा


२० जुलै

मामा,

उशीर झाला लिहायला. सरावच एवढा असतो.

डाव्यावर वळायचा प्रयत्न केला. कोचने शिट्टी फुंकली, म्हणाला, "भिंगरी उलटी फिरते का? तुला त्या वळण्यासाठीच आणलंय." मग काय करणार.

इथलं एक तुला सांगायचं होतं. आमचा गोलकीपर आहे ना, त्याला डावा हात खांद्याच्या वर नेता येत नाही. शर्ट काढताना मी बघितलं. मधल्या बॅकला एका कानाने ऐकू येत नाही, डोक्याला लागल्यापासून. दुसरा एक जण रोज सगळ्यांच्या आधी येतो, कारण त्याची कंबर सैल व्हायला तासभर लागतो. कोणी कोणाला काही विचारत नाही. मला वाटलं होतं मीच एकटा हुशार. इथे सगळेच माझ्यासारखे आलेत, मामा.

परवा डॉक्टर माझ्याजवळ बसले. मला म्हणाले, "तुझे मामा सज्जन आहेत. चालतो म्हणाले. पळतो असं एकदाही म्हणाले नाहीत." मी बुटाची नाडी सोडायला लागलो. ते म्हणाले, "मी पुढे विचारलं नाही, बाबा. धडधाकट माणूस आमच्याकडे कशाला येईल? विचारत बसलो तर मैदानात कोणाला उतरवू?" आणि मला एक गोळी दिली, मॅचच्या आधी घ्यायची.

तेव्हा तू तुझ्या त्या शब्दाचं मनाला लावून घेऊ नकोस. त्यांना कळलं होतं. मला वाटलं, हे ऐकून तुला बरं वाटेल. मला का नाही वाटलं कोणास ठाऊक.

आई पहिल्या मॅचला यायचं म्हणतेय. तिला थोपव ना. म्हण, बस लागते, म्हण, ऊन फार असतं. ती बघत असली की मला जोर येतो आणि मग माझं भान सुटतं.

भिंगरी


१४ ऑगस्ट

बाळा,

तिला थोपवणं मला कधी जमलंय? तिने सकाळीच डबा बांधला, टोपी घेतली आणि मलाच म्हणाली, चल आटप, कसला आळशी आहेस. 

तुला आम्ही दिसलो असू, टोपी हलवत होती ती तीच. तू वळलास तेव्हा ती बाकावर उभी राहिली. "फिर! फिर!" असं ओरडत होती, मागच्या माणसाने खाली बसा म्हटलं तर त्यालाच म्हणाली, "माझा मुलगा आहे तो, तुम्ही उभे राहा." आणि तू फिरलास, उजव्यावरच, आणि गोल झाला. सगळं मैदान नाचलं. मीही टाळ्या वाजवल्या, नाही कशाला म्हणू. पण चेंडू आत गेला तो मी बघितला नाही. मी पाय बघत होतो. तू हसत धावत होतास आणि पाय जमिनीला नुसता लावून उचलत होतास.

मॅच संपल्यावर तुम्ही ड्रेसिंग रूमकडे पायऱ्या उतरलात. बाकीची पोरं धडाधड उतरली. तू शेवटी राहिलास, भिंतीला हात लावून, आडवा होऊन, एकेक पायरी. मला वाटलं, एवढ्या गर्दीत ती काही बघणार नाही. पण आईच ती.

"तो असा खेकड्यासारखा का उतरतोय?" तिने विचारलं.

तोंडापर्यंत सगळं आलं होतं. मी म्हटलं, "नवे बूट आहेत. टोचत असतील."

बसमध्ये तिने डबाही उघडला नाही. मला वाटलं, कळलं हिला. घरी आल्यावर काल दिवसभर पलंगाखाली काहीतरी खुडबुडत होती. आज सकाळी माझ्यासमोर तुझे जुने बूट आणून ठेवले. धुतलेले, तेल लावून मऊ केलेले, नाड्या नव्या, आत कागद कोंबलेला, आकार बिघडू नये म्हणून. म्हणाली, "आजच टाक पोस्टात. एवढा मोठा झाला पण स्वतःच्या पायाचं कळत नाही त्याला. आणि तू रे? तुझं कामच आहे पाय बघायचं, तू तरी लक्ष द्यायचंस ना." मी हो म्हटलं.

खालचे खिळे पार झिजलेत त्यांचे, ते घालून तुला खेळता येणार नाही हे मला माहीत आहे. तरी पार्सल केलंय. पोचलं की तिला फोन कर, हॉलमध्येच असेल ती. सांग, आता टोचत नाहीत.

मामा